वहिनीच्या पाटल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीटसं कळत नाही.

पाकीटमारांपासून कसं सांभाळावं, हे आमच्या अंबरनाथच्या चाळीत मला विचारलं जायचं. मी कारखान्यात सुपरवायझर, रोजचा प्रवास, आणि माझं पाकीट कधी गेलं नव्हतं — तेवढ्यावर मी शहाणा ठरलो होतो. सारखा खिसा चाचपू नका, किमती वस्तू चोराला सुचणार नाही अशा जागी ठेवा. लोक ऐकायचे. मला ते फार आवडायचं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा वहिनीने माहेरच्या पाटल्या मोडून तिच्यासाठी नवीन घडवायच्या ठरवल्या. आमचा सिंधी सराफ उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. दादाने मला सोबत धाडलं. निघताना वहिनी पाटल्या रुमालात बांधून कनवटीला खोचत होती. मीच थांबवलं. म्हटलं, बायका तिथेच ठेवतात हे चोरांना पाठ असतं. पिशवीच्या तळाशी टाक, वर मेथीची जुडी ठेव. तिने मुकाट्याने ऐकलं.

शेअर रिक्षात ती मागे, मी पुढे ड्रायव्हरशेजारी, अर्धा आत अर्धा बाहेर. आणि आरशात मला दिसलं — हो, दिसलं. तिच्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर जीन्सचा गठ्ठा होता, आणि त्याच्या आडून त्याचा हात तिच्या पिशवीच्या बुडाशी हलत होता. बोटांत ब्लेड. त्याने वर पाहिलं. आमची नजरानजर झाली.

ओरडायला किती वेळ लागतो? भर दुपार होती, रिक्षात माणसं होती. मी काय केलं — स्वतःचा खिसा चाचपला आणि रस्त्याकडे बघत बसलो. कॅम्प तीनच्या बाजारात तो भाडं देऊन सावकाश उतरला.

सराफाकडे पिशवी उघडली तेव्हा मेथी होती, तळ फाटला होता. वहिनी दुकानाच्या पायरीवरच बसली.

इथे थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण घरी दादाने विचारलं, पिशवीत ठेवायची अक्कल कुणाची? आणि मी — तिच्यासमोर — म्हणालो, "मी कनवटीला खोच म्हणत होतो. ऐकलं नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात तिने मला उघडं पाडलं असतं. ती म्हणाली, "भाऊजी म्हणतात ते खरंय. चूक माझीच."

का? भावाभावांत वितुष्ट नको म्हणून? की माझी कीव आली? मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

दादाने तिच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली, ती पुन्हा दिली नाही. पुढे बदलापूरला राहायला गेलो, तिथेही नाही. घरातलं कुणी बाहेर निघालं की तो तिच्यादेखत म्हणायचा, हिच्याकडे काही देऊ नका रे. ती जाईपर्यंत म्हणत राहिला.

सगळे हसायचे. मीही हसायचो.