मीनलला सोबत

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला सप्टेंबर आला की आम्ही मैत्रिणी कुणाच्या तरी घरामागच्या लाकडी डेकवर जमतो. उन्हाळा सरलेला, मुलं शाळेत, हवा जराशी गार. चहा होतो, मग प्रत्येकीनं येत्या ऋतूसाठी एक संकल्प सांगायचा. वजन, प्रमोशन असलं नाही — काहीतरी हळुवार. ही टूम माझीच. त्या वर्षी मी म्हटलं, या फॉलमध्ये, या पानगळीत, मी माणसांजवळ निवांत बसणार. म्हणताना किती छान वाटलं होतं!

आठवड्याभरातच मीनलचा फोन आला. आमच्यातलीच ती, घटस्फोटानंतर एकटी राहायची, लेक लांब कॉलेजात. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला होता. शुक्रवारी पहिली केमो.

"येशील का गं? काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

मी सांगितलं, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुट्टी मिळणार नाही. रिलीज नव्हतं. भीती होती. माझी आई याच आजारानं गेली — हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलंय. पण मग मीनलला तेच सांगता आलं नसतं का? तिनं समजून घेतलं असतं. मला तिच्यासमोर भित्रं दिसायचं नव्हतं, एवढंच.

आणि तरी शुक्रवारी मी गेले. म्हणजे — हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत. गाडीतच बसून राहिले. मीनल कॅबमधून उतरली, शाल सावरली, दाराशी थांबून एकदा मागे वळून पाहिलं. मी स्टीअरिंगखाली वाकले. ती आत गेल्यावर मेसेज केला — मनानं तुझ्याजवळच आहे. दुपारपर्यंत करत राहिले, तिथूनच. दार उघडून उतरायला काय लागत होतं?

मीनल बरी झाली. पुढच्या सप्टेंबरात, सगळ्यांसमोर, संकल्प सांगायची तिची पाळी आली तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला.

"त्या दिवशी ही ऑफिसात अडकली होती, तरी सारखी मेसेज करत होती. मला एकटं वाटलंच नाही. या वर्षी मी हिच्यासारखं वागायचं ठरवलंय."

दोघी-तिघींनी डोळे पुसले. तेव्हा बोलायला हवं होतं — निदान हात तरी सोडवून घ्यायला हवा होता. मी तिचा हात आणखी घट्ट धरला.