मंगळवारचं पाणी

कसबे सुरवाडीला इतिहास आहे. वेस आहे, बारव आहे, आणि पेशव्यांच्या कुठल्याशा सरदाराचा घोडा या बारवेवर पाणी प्यायला होता असं छातीठोकपणे सांगणारी माणसं तर आळीआळीत आहेत. नाशिकहून वणीला निघालेले पाहुणे वाटेत थांबले, की आधी वेस दाखवायची आणि मगच चहा पाजायचा, अशी इथली रीत. घोडा पाणी प्यायला हे सगळ्यांना तोंडपाठ. ठमाबाई गावित मंगळवारी दिवसभर पाणी पीत नाही, हे मात्र तिच्या सुनेशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

ठमाबाईची माणसं मूळची हरसूलकडच्या डोंगरातली. मजुरीला म्हणून खाली उतरली आणि सुरवाडीच्या कडेला वस्ती करून राहिली. मंगळवारच्या बाजारात वेशीच्या आतल्या अंगाला ठमाबाईची जागा ठरलेली. नागली, वरई, पावसाळ्यात रानभाज्या. पहाटे अर्धा कप काळा चहा घ्यायचा, की दिवेलागणीला घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बाजारात बसणाऱ्या सगळ्याच बायांचं हे असं. पूर्वी वेशीबाहेर बाभळी होत्या. दोघीतिघींनी मिळून जायचं, एकीने मागे सगळ्यांच्या पाट्यांवर नजर ठेवायची, असं भागायचं. मग गावात सुशोभीकरण आलं. बाभळी गेल्या, फरशी आली, दिवे लागले, आणि लाल अक्षरांचा सेल्फी पॉइंट उभा राहिला. गावाला शोभा आली आणि बायांचा आडोसा गेला. दोन्ही कामं एकाच ठरावाने झाली, पण ठरावात लिहिलं होतं पहिलंच.

त्यानंतर ठमाबाईला तापाने आणि कंबरेच्या कळांनी धरलं. सुनेने तिला नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर रागावला. आजी, पाणी का पीत नाही, मूत्रपिंडावर जाईल एखाद्या दिवशी, म्हणाला. ठमाबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेलं तर जायचं कुठं, ते बी सांगा ना." डॉक्टर गोळ्या लिहायला लागला. सून शेजारी उभी होती. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं राहिलं.

ही सून म्हणजे दीपमाला. दहावी झालेली, घरी ब्लाउज शिवणारी, बोलायला फटकळ. नवरा लहानू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. तिकडेच राहायचा, सुटी मिळाली की यायचा. नगरपंचायतीची निवडणूक लागली, वस्तीचा वॉर्ड आदिवासी महिलेसाठी राखीव झाला, आणि ज्यांनी त्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं ते गावचे पुढारी सुनीलभाऊ पांढऱ्या गाडीतून थेट तिच्या शिलाई मशीनसमोर येऊन बसले. ताईंनी फक्त उभं राहायचं, बाकी आम्ही पाहतो, म्हणाले. दीपमालाने एकच अट घातली. बाजारात बायांसाठी मुतारी झाली पाहिजे. सुनीलभाऊ हसले. एवढंच ना, निवडून आल्या आल्या पहिलं काम तेच, असा शब्द देऊन गेले. सुनीलभाऊ नगराध्यक्ष झाले, दीपमाला नगरसेविका झाली, आणि शब्दाचं काय झालं ते सुनीलभाऊंनाच ठाऊक.

पहिल्या सभेला ती इस्त्रीची साडी नेसून गेली, तर भिकन शिपायाने दारातच विचारलं, "साहेब नाही आले?" कारण बाकीच्या नगरसेविकांबरोबर त्यांचे साहेब आले होते. साहेब पुढच्या खुर्चीत आणि बाई मागच्या, अशी तिथली बैठक. पल्लवी नावाची एक नगरसेविका तर पुढेही सभेत कधी बोलली नाही. तिच्या वतीने तिचा नवरा बोलायचा, तिच्या वतीने हातही तोच वर करायचा. दीपमाला पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. दोन साहेबांना सरकून बसावं लागलं, ते त्यांनी तिला पुढे कधी विसरू दिलं नाही.

मुतारी हा शब्द तिने सभेत उच्चारला तेव्हा आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग मुख्याधिकाऱ्यांनी 'महिला प्रसाधनगृह' असं म्हणून विषय शुद्ध करून घेतला आणि तहकूब केला. तहकूब हा नगरपंचायतीतला लाडका शब्द. नाही म्हटलं की भांडण होतं, हो म्हटलं की काम करावं लागतं. तहकूब म्हटलं की चहा येतो. पुढच्या सभेत कळलं की वेशीजवळ बांधायला पुरातत्त्वाची ना हरकत लागते. दीपमालाने विचारलं, सेल्फी पॉइंटला लागली नव्हती का? त्यावर तो विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही, असं उत्तर आलं. मग ना हरकत आली, तर इमारत वेशीला शोभेल अशी हवी, असा शेरा तिच्यावर होता. मग इमारतीच्या नक्षीकामावर तीन सभा गेल्या. कमान किती मोठी असावी यावर साहेब लोकांनी अशी काही मतं मांडली की ते सगळे जन्मभर कमानीच बांधत आले असावेत. घरी आलं की ठमाबाई विचारायची, झालं का गं? दीपमाला म्हणायची, होईल आत्या. म्हणताना तिलाच स्वतःचा राग यायचा. आपणही आता त्यांच्यासारखंच बोलायला लागलो, असं वाटायचं.

शेवटी इमारत झाली, हे कबूल केलं पाहिजे. काळ्या दगडाची, कमानीची, वर छोटासा घुमट. इतकी देखणी झाली की वणीला जाणारी माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढू लागली. एका कुटुंबाने तर ही कुणाची समाधी म्हणून विचारलं आणि उंबऱ्याला हळदकुंकू लावून गेलं. दाराला मात्र कुलूप होतं. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. तारीख मिळाली तेव्हा आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तेव्हा मंत्र्यांचं खातं बदललं. दीपमाला किल्ली मागायला गेली तर मुख्याधिकारी म्हणाले, ती ठेकेदाराकडे असते. ठेकेदार म्हणाला, मी केव्हाच ऑफिसात जमा केली. ऑफिसात भिकन म्हणाला, भाऊंच्या ड्रॉवरमध्ये असेल, पण ड्रॉवरची किल्ली भाऊंकडे, आणि भाऊ नाशिकला. परत आल्यावर रस्त्यात भेटलेल्या भाऊंनी हात जोडले. "ताई, एवढं देखणं काम झालंय. नारळ न फोडता कसं उघडायचं? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणत नव्हते. लोक म्हणजे बाजारातल्या बाया, आणि त्या उन्हात ओठ कोरडे ठेवून बसल्या होत्या.

वैशाखातला मंगळवार होता. नेमकी त्याच दिवशी सभा ठेवलेली. कुंभमेळ्यासाठी निधी येणार होता आणि त्यातून वेशीवर रंगीत प्रकाशझोत सोडायचे होते, त्यावर चर्चा रंगली होती. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. साहेबांच्या बाटल्या संपत आलेल्या, बायांच्या तशाच भरलेल्या. ही गोष्ट दीपमालाच्या दर सभेला नजरेसमोर होती, पण लक्षात कधी आली नव्हती. सभागृहाला स्वच्छतागृह होतं, पण त्याचं दार बरोबर अध्यक्षांच्या खुर्चीमागे. सगळ्यांच्या देखत उठून, भाऊंच्या पाठीमागून तिकडे जायचं, ही हिंमत कुठल्या नगरसेविकेला झाली नव्हती. खुद्द दीपमालालाही नाही. सभेच्या दिवशी तीही सकाळपासून पाणी कमीच प्यायची. सासू बाजारात तहानलेली, सून सभागृहात तहानलेली, आणि दोघींच्या मधे नुसता रस्ता.

भिकन आत आला आणि तिच्या कानाशी वाकला. तुमच्या सासूबाई बाजारात पडल्या, म्हणाला.

ती धावतच गेली. ठमाबाईला बायांनी पोत्याच्या सावलीत निजवलं होतं. चेहरा पांढराफटक, ओठांना भेगा. सखुबाई भाजीवाली तिच्या तोंडावर पदराने वारा घालत होती. दीपमालाने तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले तसा पेला ओठाला लावला. ठमाबाईने मान फिरवली.

"नको," ती म्हणाली. "सांजच्याला पेते. अजून लय दिवस हाय."

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. शुद्धीवर आलेलं माणूस आधी पाणी मागतं, जनावरसुद्धा मागतं. सरदाराच्या घोड्याने मागितलं असेल, आणि त्याला मिळालं, म्हणून हे गाव आज दोनशे वर्षं मिरवतंय. तिने ठमाबाईला काखेत हात घालून उभं केलं. चल आत्या, म्हणाली. कुठं, असं ठमाबाईने विचारलं, तोवर दीपमालाने पहिलं पाऊल टाकलंही होतं. सखुबाईने दुसऱ्या बाजूने आधार दिला. मागोमाग आणखी बाया उठल्या. पाट्या सांभाळायला एकीला ठेवून, जुन्या सवयीप्रमाणे.

रस्ता ओलांडून, जिना चढून दीपमाला थेट सभागृहात शिरली. प्रकाशझोत निळे की भगवे यावर कुणीतरी बोलत होतं, ते मधेच थांबलं. ती ठमाबाईला घेऊन खुर्च्यांच्या रांगेमधून चालत गेली, सुनीलभाऊंच्या पाठीमागचं दार तिने उघडलं, सासूला आत पाठवलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. सुनीलभाऊंनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. सगळ्या साहेबांना एकदमच विषयपत्रिका वाचावीशी वाटली.

आतून पाण्याचा आवाज आला. ठमाबाई बाहेर आली, ओले हात लुगड्याला पुसले, आणि समोर दिसली त्या खुर्चीत बसली. पुढची, दीपमालाची खुर्ची होती ती. समोरची भरलेली बाटली तिने बघितली, सुनेकडे बघितलं, आणि मग झाकण उघडून घटाघटा पाणी प्यायली. अर्धी बाटली एका दमात. तोवर सखुबाई आत गेली होती. तिच्यामागे बाकीच्या, एकेक करून. सगळ्यात शेवटी मागच्या खुर्चीतून पल्लवी उठली. नवऱ्याने बघितलं तसं तिने खाली मान घातली, पण चालत राहिली, आणि दार लावून घेतलं.

सुनीलभाऊ घसा खाकरून म्हणाले, "गावित ताई, हे बरोबर नाही. हे सभागृह आहे."

"मग तिकडची किल्ली द्या," दीपमाला म्हणाली. "नाही दिलीत, तर दर मंगळवारी आम्ही इथेच येऊ."

ती ठमाबाईला रिक्षात बसवून घरी घेऊन गेली. त्या दिवशी तिला वाटलं, झालं. इतकी वर्षं तोंडाची वाफ दवडली, त्यापेक्षा हे आधीच करायला हवं होतं. आता किल्ली मिळणार. कुणाला तरी लाज वाटणारच. तिने लहानूला फोन करून सगळं सांगितलं, तोही पोटभर हसला.

लाज वाटली, यात शंका नाही. ती कशाची, हे संध्याकाळी भिकनने येऊन सांगितलं. ताई गेल्यावर सभेने ऐनवेळचा विषय घेतला होता. सभागृहाच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावण्याचा. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ना हरकत कुणी विचारली नाही, कमानीचा प्रश्न निघाला नाही, नारळ फोडायला मंत्रीही लागला नाही. बाजारातून कुलूप आलं आणि सभा संपायच्या आत दाराला लागलं. किल्ली भाऊंच्या खिशात. मुतारीची किल्लीही सापडली म्हणे, ड्रॉवरमध्येच होती, पण उद्घाटन तहकूब. भिकनने हे सगळं खालच्या आवाजात सांगितलं आणि वर म्हणाला, ठराव एकमताने म्हणून लिहिणार होते, पण पल्लवीताईंनी हात वर केला नाही. नवऱ्याने त्यांचा हात धरून वर न्यायला पाहिलं, तर त्या हात सोडवून घेऊन बसल्या. म्हणून बहुमताने असं लिहावं लागलं.

एवढंच काय ते हाती लागलं होतं.

पुढच्या मंगळवारी पहाटे ठमाबाईने पाटी भरली. जाऊ नको म्हणून दीपमालाने रात्री सांगून बघितलं होतं, पण बाजाराला न जाणं ठमाबाईला ठाऊक नव्हतं. निदान एवढं ने म्हणून दीपमालाने पाण्याची बाटली भरून नागलीच्या पोतडीशेजारी खोचली. ठमाबाईने उंबऱ्याशी थांबून विचारलं, "किल्ली भेटली?"

दीपमालाने बाटली पाटीत आणखी आत सरकवली.

ठमाबाईने बाटली पाटीतून काढली, दाराशी खाली ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. तिच्या चालण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, रोजचंच असावं तशी ती गेली. दीपमाला तिच्याकडे ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. मग तिने खाली ठेवलेली बाटली उचलली, दारातच उभं राहून तोंडाला लावली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत अख्खी स्वतः प्यायली. आत जाऊन माठातलं आणखी दोन पेले पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं, घराला कडी घातली, आणि आज भाऊ किल्ली कशी देत नाहीत ते बघू, असं म्हणत नगरपंचायतीची वाट धरली.