असूया कोण गं?

"तुझ्या मधुराचा लॅपटॉप बटण दाबताच उठतो. आमच्या बाईसाहेब आणि त्यांचा तो डबा... दोघंही सावकाश जागे होतात!"

आई फोनवर मावशीशी बोलत होती. मी दाराआड चहाचा कप घेऊन उभी होते. ती हसली, मी नाही.

भुतंखेतं, संकेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही गाझियाबादला एका नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहतो. फ्लॅटमध्ये आमच्याआधी कोणीच राहिलेलं नाही. मी इथेच इंग्लिश मीडियममध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी घरापुरतं. मधुराताई माझी मावसबहीण. पुण्याहून नोएडाला नोकरीसाठी आली आणि आमच्याकडे राहू लागली. तिचं मराठी स्वच्छ, लॅपटॉप नवा... आणि आईच्या तोंडी दिवसभर "मधुरा, मधुरा".

त्याच दिवशी मी यूट्यूबवर एकाचा व्हिडिओ पाहिला. "भाई लोग, फालतू सब निकाल दिया, पुराना लॅपटॉप रॉकेट!" कोणीतरी काटछाट केलेली ऑपरेटिंग सिस्टिम होती. अपडेट बंद, अँटीव्हायरस काढलेला. खाली कोणीतरी कमेंटमध्ये 'धोका आहे' असं लिहिलं होतं, ते वाचूनही मी ती टाकली. लॅपटॉप खरंच पळायला लागला. फक्त मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. इंग्रजी सोडून बाकी भाषा फालतूमध्येच गेल्या होत्या. मला काय फरक पडणार होता?

मग एकदा ताई चार्जर ऑफिसात विसरली आणि तिने माझ्या लॅपटॉपवर ऑफिसचा मेल उघडला.

"अगं, हा तर माझ्याहून फास्ट! काय केलंस?"

"काही नाही. क्लीन केला."

त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

आठवड्याभरात ताईच्या अकाउंटवरून क्लायंट्सना खोट्या लिंक गेल्या. ती प्रोबेशनवर होती. सोमवारपर्यंत लेखी उत्तर द्या, नाहीतर नोकरी सोडा, असं सांगितलं गेलं.

"मी पासवर्ड ऑफिस आणि घर सोडून कुठे टाकलाच नाही यार," ती रडत म्हणाली. "तुझ्या लॅपटॉपमध्ये काही गडबड नाही ना?"

"बिल्कुल नाही."

आणि खरं सांगते... तिला तसं रडताना पाहून मला आत कुठेतरी बरं वाटलं.

शनिवारी दुपारी मात्र धीर सुटला. सगळं पुसून टाकावं म्हणून मी वायफाय बंद केलं आणि दोन दिवस माझ्या कपाटात कुलपात ठेवलेला लॅपटॉप काढून सुरू केला. पांढऱ्या स्क्रीनवर एकच ओळ होती, स्पष्ट मराठीत, एकही चौकोन नाही —

असूया इथेच बसली आहे.

मला वाटलं, बाईचं नाव. अनसूया असते तशी कोणी असूया. मी हळूच मागे वळून पाहिलं. पलंग, पडदा, माझी ओढणी. बस्स.

मी स्वयंपाकघरात पळाले. "आई, असूया कोण गं?"

आई भेंडी चिरता चिरता हसायला लागली. "कोण काय, वेडाबाई! असूया म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. तुमची जेलसी."

परत आले तेव्हा स्क्रीन कोरी होती.

पुढे ताईच्या ऑफिसमधल्या एकाने लॅपटॉप तपासला. पासवर्ड चोरणारा प्रोग्राम त्या सिस्टिममध्ये आधीपासूनच लपवलेला होता. ती ओळ मात्र कुठेच सापडली नाही. "मॅडम, इसमें तो हिंदी-मराठी का फॉन्ट ही नहीं है," तो म्हणाला. नेट बंद, किल्ली माझ्याकडे, आणि शब्द मी जन्मात कधी ऐकलेला नव्हता. मी खूप विचार केला आहे. उत्तर मिळालेलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी ताईचं दार वाजवलं. ती सोमवारचं उत्तर लिहीत बसली होती... चूक माझीच, माफ करा, असं काहीतरी. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे मला बघवेना. जमिनीकडे बघतच मी म्हणाले, "ताई, ते पाठवू नकोस. चूक माझी आहे. मला तुझी असूया वाटत होती."