उद्या सांगायचा शब्द

घोंगड्याला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा उग्र वास आला की मी अजून सासरच्या अंगणात जाऊन उभी राहते. आमच्या कोल्हापूरच्या विणकर घरातून महाराजांच्या राज्यात इंग्रजी शाळेत गेलेले हे पहिलेच. सासूबाई घरात नसल्या की मला गुपचूप एखादा शब्द शिकवायचे. त्या दुपारी मी ताणलेल्या घोंगड्यावर खळ फासत होते. हे शाळेतून आले आणि माझा हात धरून घोंगड्याच्या वाळलेल्या कडेवरून फिरवला. म्हणाले, "हे रफ." मग स्वतःची हनुवटी पुढं केली. "दाढी वाढली की ही बी रफ. जोतिबाच्या डोंगराची वाट रफ. खवळलेला समुद्र बी रफच." समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. जात्यानं घट्टे पडलेले माझे तळवे मी पुढं केले. "मग हे बी रफच की?" ते हसले नाहीत. तळवे हातात घेऊन म्हणाले, "न्हाय. ह्याला दुसरा शब्द हाय. उद्या सांगतो." सकाळी त्यांना ताप भरला, काखेत प्लेगची गाठ आली. गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायला गाडी आली, तेव्हा तेच घोंगडं मी त्यांच्या अंगावर घातलं. मला मागं जाऊ दिलं नाही. ते परत आले नाहीत, घोंगडं तिथंच जाळलं म्हणे. आता दिराचा नातू इंग्रजी शिकतो. परवा म्हणाला, "आज्जी, कुठला बी शब्द विचार, सांगतो." मी म्हटलं, "काय न्हाय रं, बाळा," आणि हात पदराखाली घेतले.