बाबांची पाठ आणि दीड मिनिटाचं ओपनिंग

ओपनिंग, म्हणजे मालिकेच्या सुरुवातीचं गाणं, पळवून थेट गोष्टीवर उडी मारणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही. माझी मोठी बहीण त्यातलीच. आम्ही दोघी एका मोबाईलवर, एकेक इअरफोन कानात घालून अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायचो. गाणं सुरू झालं की तिचा अंगठा लगेच पडद्याकडे जायचा. "रोज तेच तर हाय," ती म्हणायची. मी तिच्या हातावर चापट मारायची. रोज तेच असतं म्हणून तर बघायचं असतं, हे तिला कधीच पटलं नाही.

चांगल्या ओपनिंगला दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात ते सगळी गोष्ट सांगून टाकतं आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. कोणी गच्चीवर उभं असतं, केस वाऱ्यावर उडत असतात, कोणी एका सेकंदापुरतं हसतं. ध्रुवपद आलं की सगळे पळत सुटतात. कुठे, ते विचारायचं नाही. मग वीसेक भागांनंतर तो हसणारा मरतो, आणि पुढच्या वेळी तेच गाणं लागलं की ते हसू बघवत नाही. वाईट ओपनिंग नुसती हजेरी घेतं: हा नायक, ही नायिका, हा दुष्ट, झालं. बोंबील वाळत घालताना मी ती जपानी गाणी मोठ्याने म्हणायची. एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नव्हता. शेजारच्या काकू म्हणायच्या, हिला कोणाला तरी दाखवून आणा.

आम्ही रेवदंड्याचे. बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे आणि खलाशांना सांभाळणारे. मी अलिबागला एका फोटो स्टुडिओत व्हिडिओ जुळवायचं काम करते. हल्ली आमच्याकडे हळदीला मोठा पडदा लावतात आणि नवरीनवऱ्याचा व्हिडिओ दाखवतात. ड्रोन, हळू चालणं, गुलाबाच्या पाकळ्या. असे शेकडो मी केले आहेत आणि त्यातला एकही मला आवडत नाही. बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं तेव्हा मी जाहीर केलं की तिच्या हळदीला पाकळ्या नाहीत, ओपनिंग होणार.

आईला काही समजेना. तिला मी धवलारणीचं उदाहरण दिलं. लग्नात धवळे गाणारी ही बाई मांडवात बसते आणि काही सुरू व्हायच्या आधी गावदेवीपासून मेलेल्या पणजोबांपर्यंत सगळ्यांना नाव घेऊन बोलावते. माझं तेच काम, फक्त चित्रांत. "मग सगळे येऊदेत त्यात," आई म्हणाली. "कोण राहिला असं नको व्हायला."

सगळे घेतले. मेंदीच्या हातांनी माशी हाकलणारी बहीण घेतली. आई चुलीपुढे, धुरात डोळे बारीक केलेली. बाबा मात्र कॅमेरा दिसला की ताठ होतात, आधार कार्डावरच्या फोटोसारखे. शेवटी मी त्यांना पाठीमागून घेतलं. लग्नाआधीच्या शेवटच्या फेरीला ते पहाटे निघाले, खांद्यावर पिशवी, पुढे गल्ली, गल्लीच्या टोकाला उजाडणारी खाडी. मी मोबाईल घेऊन दबक्या पावलांनी मागे गेले. सात सेकंदांचा तुकडा. ध्रुवपद संपून गिटार एकटी उरते तिथे तो चपखल बसला. इतकं सुंदर काही मी आजवर केलं नव्हतं, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही.

चूक इथेच झाली. आमच्या घरात बोटीवर निघालेला माणूस "येतो" म्हणतो, बायका "या" म्हणतात आणि तो वळायच्या आत स्वतः वळून आत जातात. जाणाऱ्याची पाठ बघायची नाही. आईने हे तिच्या सासूकडून घेतलं आणि सव्वीस वर्षं पाळलं. मला ते ठाऊक होतं. पण कॅमेऱ्यातून बघणं हे बघण्यात धरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आईला मी तयार झालेला व्हिडिओ दाखवला तेव्हा बाबांना बोटीवर जाऊन चार दिवस झाले होते. स्वतःला बघून ती हसली, बहिणीला बघून तिने डोळे पुसले. गिटार एकटी उरली तशी ती जागेवरून उठली आणि तिने तोंड फिरवलं.

"पाठ कोणी घेतली?"

"मी."

"काढ. आताच्या आता काढ."

मी वाद घातला. म्हटलं, तोच तर जीव आहे सगळ्याचा, तो काढला की उरतं काय? शिवाय आपण एकविसाव्या शतकात आहोत वगैरे. आई तोंड फिरवूनच भांडी लावू लागली, तशी मी आणखी मोठ्याने बोलू लागले. तुकडा मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, वारे जोरात, बोटींनी परतावं. बोटी परतू लागल्या. त्या एकेक करून खाडीत शिरताना मी जेट्टीवरून मोजत होते. आमची नव्हती. बोटीच्या मालकाने सांगितलं, वायरलेस लागत नाही, पण काळजी करू नका, कुठल्या तरी बंदरात शिरले असतील. काळजी करू नका असं कोणी म्हटलं की मला निश्चित कळतं की काळजी करायला हवी.

हळदीला तीन दिवस उरले, मग दोन. मांडव घातला. पाहुणे आले, त्यांना चहा दिला. प्रत्येक जण बाबांचं विचारायचा आणि आई प्रत्येकाला "येतात" एवढंच सांगायची. माझ्याकडे ती बघत नव्हती. बहीण मात्र बघत होती. "तू त्या गाण्यांचं सांगायचीस ना," ती हळूच म्हणाली, "जो मरणार असतो त्याला पाठमोरा दाखवतात म्हणून." मी सांगितलं होतं खरं. दहा वेळा सांगितलं होतं, मोठ्या तज्ज्ञासारखं.

मी स्टुडिओत जाऊन लॅपटॉप उघडला. तुकडा काढायची हिंमत होईना. काढला आणि बाबा खरंच आले नाहीत, तर? त्यांना मीच कापून टाकलं असं होईल. ठेवला तर? मग मी एक वेडेपणा केला, तो तुकडा उलटा चालवला. बाबा खाडीकडून घराकडे येऊ लागले, पण पाठमोरेच, मागे मागे पावलं टाकत. कोणी दुसऱ्याने केलं असतं तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी ते वीस वेळा लावून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते घराच्या थोडे जवळ आले की मला बरं वाटायचं. मी अंधश्रद्धाळू नाही असं मी अजूनही सांगते, पण आवाज जरा खाली ठेवून.

शेवटी तो तुकडा मी काढलाच. त्या जागी नुसती खाडी घातली.

हळदीच्या सकाळी मालकाचा फोन आला. बोटीच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं, वायरलेसची बॅटरी उतरली होती. दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढत आणलं होतं. दुपारी बाबा दारात आले. ओठ फाटलेले, डोळे लाल. आई त्यांच्यावर इतकी ओरडली की हळद दळणाऱ्या बायका थांबल्या. मग ती आत जाऊन रडली. मी मोरीत जाऊन रडले.

संध्याकाळी पडद्यावर ओपनिंग लागलं. लोकांना आवडलं. दोघातिघांनी आपल्या घरच्या लग्नासाठी विचारलंसुद्धा. त्या सात सेकंदांत मात्र रिकामी खाडी होती, आणि बाबा कुठल्याच चित्रात नव्हते. कोण राहिला असं नको व्हायला म्हणून आईने सांगितलं होतं, आणि नेमके तेच राहिले. ते स्वतः खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

बहीण सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई माझ्याजवळ आली. पदराला हात पुसत म्हणाली, "ते काढलेलं हाय का अजून?"

"आहे."

"दाखव. आता ते घरात हायत."

बाबा बाहेर ओट्यावर जाळं विणत बसले होते. आईने मोबाईल दोन्ही हातांत धरला. सात सेकंद संपले. तिने पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मला वाटलं, आता कौतुक करणार. मी तशी तयारीही केली.

"हा डावा पाय कवापासून ओढतात?" तिने विचारलं.

मी मोबाईल तिच्या हातातून घेतला. हा तुकडा मी किमान दोनशे वेळा बघितला होता. सावकाश, एकेक चित्र थांबवून, उलटा, सुलटा. उजेड बघितला होता, पिशवीचा हेलकावा बघितला होता. पाऊल गाण्याच्या ठेक्यावर पडावं म्हणून दोनदा कापला होता. पाय मला दिसला नव्हता. आता दुसरं काही दिसेना.

आई बाहेर गेली. मी तिच्या मागे.

"पायाला काय झालंय?"

बाबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "दोराचा फटका बसला व्हता."

"कवा?"

"गणपतीनंतर."

"तीन महिने झाले. घरात कोणाला सांगायचं न्हाय?"

"घरात चार पावलं चालायची, तेवढी नीट टाकता येतात." ते थोडे हसले. "पुढचं बघायला कोण असतंय? तुम्ही समद्या तर आत जाता."

आईने त्यांच्या मांडीवरचं जाळं उचलून बाजूला ठेवलं.

"उठा," ती म्हणाली. "त्या शेवटच्या माडापर्यंत चालून दाखवा."

बाबा उठले. आम्ही दोघी ओट्यावर उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. पहिली चार पावलं त्यांनी नीट टाकली, मग त्यांना जमेना.