माझ्या खोलीतली राणी

आमच्या दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, हे कंपनीतल्या पोरांना समजावून समजावून मी थकलो. "मग पाठ काय करता?" असं विचारतात. काही नाही. मॅनेजर कथा सांगतो. राजा कोण, राणी कोण, खोटा आळ कोणी कोणावर घ्यायचा, राक्षस कधी घुसवायचा, देवाला कधी सोडायचा. पेटी वाजायला लागली की पुढचं ज्याचं त्याने आपल्या तोंडाने निभवायचं. गावाला ही कथा रंगपटात, तोंडाला रंग फासता फासता सांगतात. इथे ते जमत नाही. आमचा राजा रबाळ्याला एमआयडीसीत, माझ्याच कंपनीत, फोर्कलिफ्ट चालवतो, राक्षस गेटवर सिक्युरिटीला आहे, आणि विष्णू एका हॉस्पिटलात लिफ्टमन आहे, म्हणजे माणसं वर न्यायचं काम त्याला दोन्हीकडे करावं लागतं. सगळ्यांच्या शिफ्टा सांभाळून मॅनेजर बिचारा कथेचा व्हॉइस मेसेज आधीच टाकतो.

मी राणी. स्त्रीपार्टी म्हणतात आमच्याकडे. दिवसभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी नेसून उभं राहायचं.

आठवीत शाळा सोडली आणि कोकणातून इकडे आलो. मला जी काय शुद्ध मराठी येते ती या राण्यांनी शिकवली. 'विटंबना', 'अंतःपुर', 'प्राणनाथ' हे शब्द मला झोपेतसुद्धा येतात. पॅकिंग डिपार्टमेंटला त्यांचा उपयोग शून्य. पण शाळेने जे दिलं नाही ते नाटकमंडळाने दिलं, आणि त्याबद्दल मी मॅनेजरच्या पाया पडायला कायम तयार असतो. तो म्हणतो, पाया पडू नको, वेळेवर ये.

मला भीती फार. स्वभावच तसा. सुपरवायझरने नुसतं नाव घेतलं तरी मी आधी माफी मागतो आणि मग काय झालं ते विचारतो. नाटकाच्या आदल्या दिवसापासून तर विचारूच नका. आणि लिहिलेलं काही नसल्यामुळे समोरचा राजा काय बोलेल याचा नेम नसतो. आमचा राजा तर बोलण्यात राक्षस आहे. एकदा त्याने भर दरबारात मला असा प्रश्न टाकला की मला उत्तरच सुचेना, मी बेशुद्ध पडलो. कथेत बेशुद्ध पडणं नव्हतं. तेव्हापासून मी खोलीत दोघांचं बोलणं एकटाच करून बघतो. जाड आवाजात राजा होऊन खडसावतो, मग बारीक आवाज काढून राणी होऊन रडतो.

ही खोली गावठाणातली. जिथे घरमालकांची भातशेती होती तिथे आता चार मजले आहेत, वरच्या मजल्यावर माझी खोली आणि तळमजल्यावर मालकीण. मी तिला काकी म्हणतो, ती मला कोकन्या म्हणते. एकट्या पोराला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं तेव्हा हिने दिली होती. "बाई आनायची नाय. दारू आनायची नाय. बाकी तुझा तू," एवढंच बोलून चावी दिली. वर कधीमधी बोंबलाचं कालवण पाठवते. असल्या माणसाला आपल्याविषयी काही वाईट वाटू नये म्हणून मी जिन्यावरून जाताना चपलासुद्धा हातात घ्यायचो. नाटकात बाई होतो हे मात्र तिला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

मग एकदा भानगड झाली. त्या वेळची कथा साधी होती. धाकटी राणी राजाचे कान भरते की थोरलीच्या महालात परपुरुष येतो. राजा भडकतो, थोरलीला वनात हाकलतो. वनात राक्षस, राक्षसामागून देव, मग सगळं गोड. थोरली मी. सुट्टीची दुपार होती. दार लावून घेतलं, हाफपँटीवर साडी गुंडाळली, कारण नेसल्याशिवाय मला तो आवाज सापडत नाही. आणि सुरू झालो.

"कुलटे! सांग, कोण होता तो?" मी राजा होऊन ओरडलो.

"नाही हो नाथ! मी निष्पाप आहे!" मी राणी होऊन हंबरडा फोडला. बरा जमला म्हणून पुन्हा फोडला. राजाने राणीच्या थोबाडीत मारायची असते, म्हणून तळहातावर हात आपटून तोही आवाज काढला.

दारावर धाडकन लाथ बसली.

"दार उगर, मेल्या! कोन हाय आत? मारतंस कुनाला?"

उघडलं तर काकी. हातात खराटा. मागे तिची सून आणि शेजारची एक बाई. तिघी मला ढकलून आत शिरल्या.

"कुठं हाय ती?"

"कोण, काकी?"

"जिला मारत व्हतास ती!" काकीने खाटेखाली खराटा फिरवला. सुनेने मोरीत डोकावलं. शेजारणीने पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून आत बघितलं.

"काकी, कोणी नाही. मीच होतो."

"मी बहिरी हाय काय? बाईमानूस ररत व्हतं. आनि लुगरं कोनाचं हाय ह्ये?"

मी खाली बघितलं. साडी हाफपँटीवरून घसरून पायात आली होती. तेवढ्यात सुनेला खिळ्यावर टांगलेलं गंगावन दिसलं. ती किंचाळलीच.

"आये! केस कापलं हो ह्यानं तिचं!"

केस नाटकाचे आहेत, साडी नाटकाची आहे, बाई नाटकातली आहे, असं मी एका दमात सांगून टाकलं. आम्ही दशावतार करतो, मी राणी होतो, रविवारी दुपारी हॉलमध्ये प्रयोग आहे. माझं मलाच ते खोटं वाटत होतं.

"असं? मंग कर तो आवाज," काकी म्हणाली आणि खाटेवर बसली. खराटा मांडीवर.

इतक्या वर्षांत तो आवाज मी शेकडो लोकांपुढे काढलाय. पण आता समोर काकी बसली होती. "नाथ" म्हणायला तोंड उघडलं तर कोंबड्याची मान मुरगळताना तो ओरडतो तसं काहीतरी बाहेर आलं. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. काकी हसली नाही.

"ती बाई अशी ररत नव्हती. बराबर ररत व्हती."

ही माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी तारीफ होती, आणि ती माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जात होती.

मग काकीने चौकशी चालवली. बाई का रडत होती, नवरा का मारत होता. मी कथा सांगितली. धाकटी कशी चहाडी करते, राजा कसा विचारतो की महालात कोण आला होता, आणि थोरली कशी रडत रडत वनात जाते.

"आनि ती नुसती ररते?" काकीने विचारलं.

"हो. पतिव्रता असते ना."

"तोंड नाय काय तिला? मी असते त बोलले असते. वारा तुझा, दार तुझा, दारावरची मानसा तुझी. परका मानूस आत शिरला त आदी त्यांना काढ. मना कनाला काढतंस?" हा वारा म्हणजे तिचा राजवाडा.

सून म्हणाली, "बराबर हाय, आये." शेजारणीनेही मान हलवली. काकी उठली.

"मी रविवारी येतंय बगायला. तीच बाई दिसली, तोच आवाज आयकला, त खोली तुझी. नायतर सोमवारी बोचका बांध. माझ्या घरात बाई मारलेली चालनार नाय."

इतकं सरळ बोलली की मी "थँक्यू काकी" म्हणून गेलो.

रविवारपर्यंत मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. या गावात एकट्या पोराने पुन्हा खोली शोधायची म्हणजे काय ते मला माहीत होतं. राजाला कंपनीत सांगितलं तर तो फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या हसायला लागला. "मेल्या, तुका बायल्येन धरल्यान, तां पण तुझ्याच खोलीत?" असं त्याने अख्ख्या गोदामाला ऐकवलं.

प्रयोग कुणाच्या तरी पूजेनिमित्त होता, सोसायटीच्या हॉलमध्ये. रंगपट म्हणजे मागची खोली, तिथे गणपतीचा मुखवटा टेबलावर ठेवून आम्ही नमस्कार केला आणि त्याच टेबलावर वडापाव ठेवले. विष्णू आरशासमोर निळा होत होत हॉस्पिटलात फोन करून रजा वाढवून मागत होता. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्याच रांगेत काकी. सून, शेजारीण आणि गल्लीतल्या आणखी बायका. खराटा आणला नव्हता, तेवढं बरं वाटलं.

राजाचा दरबार लागला. दरबार म्हणजे एक बाकडा. धाकटीने कान भरले. पेटीवाल्याने सूर धरला आणि मी आत गेलो.

आवाज आला. कसा ते मला सांगता येणार नाही. पण "नाथ" म्हटलं आणि तीच, खोलीतली बाई बोलली. मी काकीकडे बघितलं. काकी शेजारणीच्या कानाला लागली होती. पटलं की नाही ते कळेना, आणि मला तर तिला पटवायचंच होतं. राजा बाकड्यावरून उठला, मिशीला पीळ दिला आणि गरजला.

"कुलटे! सांग, तुझ्या महालात कोण आला होता?"

इथे मी रडायचं होतं. पण माझ्या डोक्यात राजाही नव्हता आणि कथाही नव्हती. नुसती खोली होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"महाराज! महाल आपला, महाद्वार आपलं, द्वारपालही आपलेच. परपुरुष आत आला असेल तर आधी त्यांना वनवास द्या. मला का?"

पेटीवाल्याचा हात तसाच राहिला. राजा माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याला अडवायची त्याची सवय, स्वतः अडकायची नव्हती.

"द्वारपाल," तो म्हणाला, "द्वारपाल... त्या दिवशी रजेवर होते."

"रजा कोनी दिली?" पहिल्या रांगेतून काकी.

हॉल फुटला. लहान पोरं बाकांवर चढली. राजाने सरळ बाकड्यावर बसून घेतलं. आता आमची खरी पंचाईत झाली. राणी हरल्याशिवाय वनात जात नाही, वनात गेल्याशिवाय राक्षस येत नाही, आणि राक्षसाशिवाय देवाला कामच नाही. विंगेत मॅनेजर दात ओठ खात होता. "मेल्या, राणी हरूक व्हयी!" त्याच्या मागे राक्षस शिंगं लावून उभा. "अगो बाये, रानात ये मगे! माझो रंग व्हावाक लागलो!"

मी घाबरलो. आणि घाबरल्यावर मला माफी मागायची सवय, त्यामुळे हात आपोआप जोडले गेले. पण राणीने माफी मागितली असती तर काकीने स्टेजवर येऊन मला मारलं असतं, असं तिचं तोंड सांगत होतं. मग मी जोडलेले हात तसेच कपाळाला लावले.

"येते मी, महाराज. ज्या घराला राखण नाही आणि ज्या धन्याला विश्वास नाही, तिथे राहण्यापेक्षा वन बरं. आपण मला हाकलू नका. मी आपली आपण जाते."

पेटीवाल्याने जीव मुठीत धरून विरहाचा सूर लावला. मी वळलो. रंगमंचाची कड गाठायला दोन पावलं राहिली असतील, तेवढ्यात काकी उभी राहिली. डोळ्यांना पदर.

"जाव नको गो, बाय! रानात कनाला जातंस? माझ्याकडं ये! खोली हाय माझी वरच्या माल्यावर!"

सुनेने तिचा पदर ओढला. "आये, ती खोली दिलेली हाय."

"कोनाला?"

"तिलाच!"

काकी माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, नाक पुसलं, आणि आजूबाजूला सांगू लागली, "माझा भारेकरी हाय तो." हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की वनात राक्षस आला तरी लोक मागे वळून तिच्याकडेच बघत होते. राक्षसाने नंतर माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला.

मॅनेजरने रंगपटात शिव्या दिल्या आणि मी मनापासून खाल्ल्या. राजा म्हणाला, पुढच्या वेळी द्वारपाल आजारी होते असं सांगेन, मग बघू. मी गंगावन काढत होतो तेव्हा काकी दार ढकलून आत आली. निळा विष्णू उघडाच बसला होता, तो टॉवेल शोधायला लागला. काकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू ऱ्हा," ती मला म्हणाली.

मी पाया पडायला वाकलो. साडीत पाय अडकला आणि खरोखरच पडलो.

"पन एक आयक," काकी वरून म्हणाली. "रानीला किती बी बोलू दे. राजाचा आवाज माझ्या घरात खाली पायजे."

तेव्हापासून खोलीत माझा राजा कुजबुजतो. खडसावतो, शाप देतो, तलवार उपसतो, सगळं कुजबुजत. राणी मात्र दार उघडं टाकून बोलते.