माय कोंबडा मागत नव्हती

“केस मोकळे सोड,” काकू म्हणाल्या.

मी हात वर न्यायच्या आत त्यांनीच माझा क्लिप ओढून काढला. मग वाटीतलं कुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळभर फासलं. थोडं नाकावर सांडलं. सोफ्यावरून कुणीतरी हसलं.

“हं. आता घुम.”

मी उभी. हायडेलबर्गमधल्या त्यांच्या घरात, दिवाणखान्याच्या मधोमध. टीपॉय बाजूला सरकवलेला. समोर शहरातली मराठी मंडळी, हातात चहाचे कप. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एक प्रहसन बसवत होते. नाव ‘गावाकडची गंमत’. त्यात एक सरपंच, एक मास्तर आणि एक अंगात आलेली बाई. ती बाई मी.

“घुम ना गं, लाजतेस काय?” काकू म्हणाल्या. “तुमच्या लोकांत असतंच की हे. आम्ही कुठे पाहिलंय?”

प्रहसन निनादनं लिहिलं होतं. निनाद पुण्याचा, फिजिक्समध्ये डॉक्टरेट करत होता. तो म्हणाला, “गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच हिला घेतलं. हिचा टोनच असा आहे, काही शिकवायला नको. एकदम ऑथेंटिक.”

ऑथेंटिक. म्हणजे त्या खोलीत मी एकटी अस्सल. बाकीचे प्रेक्षक.

माझं अंग हललं नाही. हात मांड्यांना चिकटले. “जमत नाही मला,” मी म्हणाले. पुन्हा हशा. काकूंचे मिस्टर मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाले, बोलायला मवाळ माणूस. तेही म्हणाले, “जमेल, जमेल. रक्तातच असतं ते.”

मी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या माझ्या खोलीत गेले. साबण लावून कपाळ घासलं. कुंकू लवकर जात नाही. लालसर डाग राहिला, तो घेऊनच दुसऱ्या दिवशी वर्गात बसले.

मी परभणीकडची. वस्ती गावाबाहेर. आडनाव सांगितलं की माणसं क्षणभर थांबतात आणि मग जरा जास्तच गोड बोलायला लागतात, तसलं आडनाव. औरंगाबादच्या वसतिगृहात राहून मी जर्मन शिकले. मग एका जर्मन कुटुंबात ओ-पेअर म्हणून आले, म्हणजे त्यांची पोरं सांभाळायला. वर्षभर पोरांची ढुंगणं धुतली आणि भाषा पक्की केली. मला सायकॉलॉजी शिकायची होती. पण आपली बारावी तिथं पुरेशी धरत नाहीत. युनिव्हर्सिटीच्या आधी एक वर्ष स्टुडिएनकोलेग करावं लागतं, पाया भरण्यासाठी, आणि शेवटी परीक्षा. तिच्यात चांगले मार्क पडले तरच पुढचं दार उघडतं. मी त्या वर्षात होते. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा उन्हाळा नुकताच संपला होता, बाल्कन्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. परीक्षा डिसेंबरात होती.

काकूंनी मला खोली दिली होती. बदल्यात संध्याकाळचा स्वयंपाक करायचा आणि त्यांच्या छोट्या लेकीला, सईला, सांभाळायचं. काकू वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. मार्चमध्ये मी कुडकुडत आले तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून मला दिला होता. त्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, “आम्ही काही मानत नाही हं. फक्त देवाचं तेवढं मी बघत जाईन.” मी मान हलवली. परीक्षेपर्यंत मला डोक्यावर छप्पर हवं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मराठी ऐकायलाही हवं होतं. जीव कासावीस व्हायचा मराठीवाचून.

सायकॉलॉजी का, असं सगळे विचारायचे. मी म्हणायचे, इंटरेस्टिंग आहे. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. खरं कारण माझी माय.

मी आठ वर्षांची असताना आमचं तान्हं लेकरू गेलं. माझा सगळ्यात धाकटा भाऊ. तापानं. मायनं त्याला पदरात घट्ट धरून ठेवलं होतं, सोडत नव्हती. बाबांनी हिसकून नेलं. मग दोनच दिवसांनी माय मालकाच्या रानात कापूस वेचायला गेली. मी तिच्या ओच्याला धरून. मालकीण बांधावर उभी होती. ती म्हणाली, “तुमाला काय, आजून होतील. कापूस थांबतो का?”

माय वाकली आणि वेचायला लागली. त्या दिवसापासून तिचं बोलणंच आटलं. रडताना तर मी तिला पाहिलंच नाही. रडायला जागा लागते, वेळ लागतो. तिच्याकडे दोन्ही नव्हतं.

मग आषाढ आला. मरीआईच्या दगडापुढं डफ वाजायला लागले आणि मायच्या अंगात आलं. केस सुटले. ती घुमायला लागली, आणि घुमता घुमता कपाळ जमिनीवर आपटायला लागली. मी माझे हात तिच्या कपाळाखाली घातले. बोटं सोलून निघाली. ती ओरडत होती, “माजं लेकरू द्या! माजं लेकरू द्या!”

सगळ्यांनी ऐकलं. मालकीणसुद्धा होती. एरवी मायला ओट्याच्या खाली उभी करणारी ती बाई, आज ओटी घेऊन आली होती आणि मायच्या पायांवर डोकं ठेवत होती. देवऋषी म्हणाला, देवी जीव मागतीय. मालकिणीनं कोंबडा दिला. तिथंच कापला. माय निपचित पडली, तर म्हणाले, देवी शांत झाली.

दरवर्षी हेच. दरवर्षी माय लेकरू मागायची आणि गाव कोंबडा कापायचं. देवीला सगळे हात जोडून विचारायचे, बाई, तुला काय पाहिजे? मायला कुणी विचारलं नाही. पुढं ती नुसतीच बसून राहायला लागली. भिंतीला टेकून. तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या खायची आणि बसायची. मी जर्मनीला निघाले तेव्हाही ती बसलेलीच होती.

आणि आता ते सगळं मी चहा पिणाऱ्या माणसांपुढं करून दाखवायचं होतं.

तालमीच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात एक उतारा वाचायला होता. आम्हाला जर्मन शिकवणाऱ्या बाई शांत होत्या, चष्म्यावरून बघायच्या. उताऱ्यात एक बाई होती. नवरा मेल्यावर तिचे हात बधिर झाले. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरनं तिला खुर्चीवर बसवलं, दार लावलं आणि विचारलं, “तुम्हाला काय झालं होतं?” बस्स. एवढंच. आणि ती बाई तासभर बोलली.

बाकीची मुलं शब्दांचे अर्थ लिहून घेत होती. मी त्या एका वाक्यावर थांबले. इतका साधा प्रश्न. त्याला ना डफ लागतो, ना कोंबडा. माझ्या मायला हा प्रश्न एकदाही मिळाला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. बाईंनी माझ्या कपाळावरचा डाग पाहिला असावा. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खिडकी उघडली.

घरी वेगळंच चाललं होतं. सईला मराठी कळायचं पण ती बोलायची जर्मन. तालीम बघून तिला नवा खेळ सापडला. मी पोळ्या लाटायला लागले की मागं यायची, केस तोंडावर घ्यायची आणि डोलायची. “शाउ माल!” म्हणायची. बघ ना! काकू हसून म्हणायच्या, “बघ, हिला जमतं आणि तुला जमत नाही.” पोरीवर मी कशी रागावणार? ती जे बघत होती तेच शिकत होती. पण लाटण्याखाली माझी पोळी फाटायची.

दुसरी तालीम चर्चच्या हॉलमध्ये झाली. हॉल दिवाळीसाठी भाड्यानं घेतला होता. काकूंनी टाळी वाजवली. “आल्झो, चला, सगळे जागेवर! आज फायनल करायचंय.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आज नीट कर हं.”

मी उभी राहिले. पुन्हा लाकूड.

“थांब, मी दाखवतो,” निनाद म्हणाला. त्यानं कुणाची तरी ओढणी डोक्याला गुंडाळली. कमरेवर हात ठेवून घुमायला लागला. डोळे फिरवले. जीभ बाहेर काढली. आणि माझ्या बोलीत, अगदी माझ्या मायच्या बोलीत किंचाळला, “मला कोंबडा पायजे! कोंबडा!”

हॉल हसण्यानं भरून गेला. काकूंनी डोळे पुसले. काका खुर्चीवर मागं रेलून हसत होते.

मी म्हणाले, “ती कोंबडा मागत नव्हती.”

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. आवाज चिरकला, चिरकू दिला.

“ती कोंबडा मागत नव्हती. ज्या बाईची नक्कल करताय ती माझी माय आहे. तिचं लेकरू मेलं होतं. तिला रडू दिलं नाही, कापूस वेचायला लावला. ती लेकरू मागत होती. कोंबडा तुम्ही लोकांनी दिला. मी हे करणार नाही.”

निनादनं ओढणी काढली. हसू तोंडावर तसंच राहिलेलं. काका म्हणाले, “अगं, एवढं मनाला काय लावून घेतेस? गंमत आहे ही.”

“सायकॉलॉजी करणाऱ्यांना तरी सेन्स ऑफ ह्यूमर हवा,” निनाद म्हणाला.

एक बाई हातातल्या कपाकडे बघत राहिल्या. त्यांना काही बोलायचं होतं असं वाटलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. माफी कुणीच मागितली नाही. मी कोट घेतला आणि ट्रामची वाट न बघता चालत निघाले.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे कणीक मळत होते. काकू दारात आल्या. डोळे लाल. त्यांनाही लागलं होतं, पण वेगळंच.

“चारचौघांत माझं नाक कापलंस. काय कमी केलं गं तुला आम्ही? खाल्ल्या मिठाला तरी जागावं माणसानं.”

मीठ त्यांचं होतं, पण स्वयंपाक रोज माझा होता. हे मी मनात म्हणाले.

“मला तर वाटतं तुझंच डोकं ठिकाणावर नाही,” त्या म्हणाल्या. “इथं सायकॉलॉजी शिकायला आलीस की उपचार घ्यायला?”

“उपचार घेणं ही शिवी आहे का, काकू?”

त्या मग आत वळून म्हणाल्या, “अहो, हिला सांगा काय ते.” काकांनी सांगितलं. दुसरीकडे सोय बघ, सईच्या मनावर परिणाम होतो. परीक्षा तोंडावर होती. काकांनी त्याबद्दल वाईट वाटतं असंही सांगितलं, मवाळपणे.

माझ्या वर्गात कॅमेरूनची एक मुलगी होती. तिच्या वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, खोलीत जमिनीवर गादी टाकून मी राहिले. तिथं पाहुण्याला फार दिवस ठेवायची परवानगी नसते, म्हणून हाउसमाइस्टरच्या, तिथल्या रखवालदाराच्या, नजरेला पडू नये असं जायचं-यायचं. एका बाजूला बायोलॉजी, केमिस्ट्री, आणि दुसऱ्या बाजूला मनात हॉलमधला हशा. वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. पान पुन्हा वाचायचं. पुन्हा.

दिवाळीचा कार्यक्रम झाला. प्रहसनही झालं. माझ्या जागी निनाद स्वतः घुमला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला म्हणे. सगळ्यात मोठा हशा कोंबड्याला मिळाला. मला हे काकूंच्या ओळखीच्या एकीनं ट्राममध्ये सांगितलं, वर म्हणाली, “तू उगाच चान्स घालवलास.” मी पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि बाकावर बसून रडले. मी बोलले, घर गेलं, तेव्हा मला वाटलं होतं निदान मायची अब्रू तरी वाचवली. काहीच वाचलं नव्हतं. त्यांनी माझ्याविना तिला नाचवलं होतं.

परीक्षा दिली. पास झाले. पुढं सायकॉलॉजीला जागाही मिळाली. पेढ्यांचा अर्थ कळेल असं माणूस आता माझ्यासाठी त्या शहरात उरलं नव्हतं. मी घरी फोन लावला. भावाकडे मोबाईल होता. तो म्हणाला, “लई भारी झालं, ताई,” आणि नेहमीसारखा फोन मायच्या कानाला लावला. माय फोनवर बोलत नाही. तिचा श्वास फक्त ऐकू येतो. मी नेहमी इकडचं तिकडचं सांगते, बर्फ पडलं, मी जेवले, आणि ठेवते.

त्या दिवशी मी विचारलं. “माय, तू कोंबडा मागत नव्हतीस ना? लेकरू मागत व्हतीस.”

श्वास थांबला. मग घशातून एक आवाज आला, तसा मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. मग धडपड. मग भाऊ.

“ताई, काय इचारलंस गं तिला? भिताडाकडं तोंड करून बसली ती. थरथरायलीय. नको असलं काही काढू. झाकलेलं हाय ते झाकलेलंच बरं.”

मला भीती वाटली. उशीर झालाय, हेही मला कळत होतं. मायला आता एवढ्या वर्षांचं सगळं उलगडून सांगता येईल का, मला माहीत नाही. पण झाकलेली जखम चिघळते, हे कळायला युनिव्हर्सिटी लागत नाही. मालकिणीनं झाकली, देवऋष्यानं झाकली, काकूंनी तिच्यावर हशा पिकवला. आता मीही झाकायची? मी शिकणार आहे. शिकून परत त्या दगडापुढं जाणार आहे. तिथं जिच्या अंगात येईल तिच्याजवळ बसणार आणि देवीला नाही, तिला विचारणार. मालकिणीच्या देखत विचारणार. जे हसतील त्यांच्याही देखत. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणार. आणि सुरुवात माझ्या घरापासून करणार, मग ते कितीही दुखो.

“मग ठिवू का फोन?” भाऊ म्हणाला.

“ठिवू नको,” मी म्हणाले. “तिच्या कानाला लाव.”